'नम्य जलजेल संवेदक' : हे तालमीतल्या पोरांना कसं सांगायचं?

दसराचौक
आमच्या फिजिओथेरपीच्या गटाला कोल्हापुरातल्या तालमींसाठी दोन पानी माहितीपत्रक करायचं आहे. विषय असा : कातडीवर चिकटवायची मऊ, पाणीदार पट्टी. गुडघा किती वाकला, नाडी कशी चालली आहे, घामात क्षार किती, हे टिपणारी. कुणीतरी पहिलं वाक्य करून दिलंय : "परिधेय आरोग्य सनियंत्रणासाठी नम्य जलजेल संवेदक." गंगावेशीतला पैलवान हे वाचून कागद बाजूला ठेवेल. एकेका शब्दावर मत द्या. नुसतं 'जेल' सुचवू नका. इथं जेल म्हटलं की माणूस थेट कळंब्याच्या तुरुंगात पोचतो.

ऊसपट्टा
भावा, जलजेल म्हणजे हायड्रोजेल, आणि हा शब्द आमच्याकडं शेतातनं आलाय. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा हायड्रोजेल' असतंय, दाणेदार. मुळापाशी टाकलं की पाणी धरून ठेवतंय. तालमीतली निम्मी पोरं शेतकऱ्याचीच, त्यांना आधी तेच आठवणार. आठवू दे की! काम तेच हाय : लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधून जाळी केलेली, आणि त्या जाळीत पाणी अडवलेलं. 'जलजेल' करून काय मिळवलं? अर्धं संस्कृत, अर्धं इंग्रजी.

तिठ्यावरचा
'जेल' शब्द आला जिलेटिनमधून. थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञानं 1861 च्या सुमारास तो रूढ केला. जिलेटिन म्हणजे कातडी-हाडं उकळून निघणारा पदार्थ, म्हणजे आपला सरस. सुतारकाम, चामड्याचं काम पाहिलेल्यांना हा शब्द परका नाही. त्यामुळं 'सरस' वापरायचा मोह होतो, पण वापरू नये. एक तर 'सरस' वाचला की लोक 'वरचढ' असा अर्थ घेतात, आणि दुसरं म्हणजे सरस वाळून कडक होण्यासाठीच वापरतात. इथं नेमकं उलट हवंय.
हायड्रोजेलच ठेवा आणि पुढं ओळखीचं उदाहरण द्या. डोळ्यात घालायची मऊ लेन्स हायड्रोजेलची असते. ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम या चेक शास्त्रज्ञांनी 1960 मध्ये त्या पदार्थाबद्दल लिहिलं, तिथून मऊ लेन्सची वाट निघाली.

वॉर्डातली
सोनोग्राफीला लावतात त्या जेलशी गल्लत होणार, ती आधी मोडा. ते ओघळतं, पुसून टाकायचं असतं. याची चकती कापता येते, उचलता येते. ईसीजीच्या चिकट चकत्या बघा. मधे जो ओलसर, गिळगिळीत थर असतो तो बहुतेकदा हायड्रोजेलच. त्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज जाते. पाकीट उघडं राहिलं की तो वाळतो आणि आलेख खरखरीत येतो. हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त नाव ठाऊक नाही.

दसराचौक
ईसीजीचं उदाहरण घेतो. आता 'नम्य'?

तिठ्यावरचा
नम्य म्हणजे वाकणारं. मोबाइलच्या आतली पातळ पट्टीही वाकते, पण ओढली तर फाटते. गुडघ्यावरच्या कातडीला वाकणं पुरत नाही, ती ताणते. म्हणजे पट्टीनं ताणलं जायला हवं आणि सोडल्यावर मूळ लांबीला परत यायला हवं. पुस्तकी शब्द 'स्थितिस्थापक'. तो परीक्षेपुरता ठीक. 'लवचीक' मध्ये वाकणं आणि परत येणं दोन्ही बसतं. (लवचीक मधला 'ची' दीर्घ, लवचिकता मध्ये ऱ्हस्व. माहितीपत्रकात दोन्ही उलटे छापलेले असतात, म्हणून सांगून ठेवतो.)
खरी अडचण पुढं आहे. ही पट्टी मोजते कसं? ताणली की लांबी वाढते, जाडी-रुंदी कमी होते, विजेला वाट अरुंद आणि लांब होते. आकारमान तेवढंच राहिलं तर लांबी दुप्पट झाल्यावर रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण चौपट. त्यावरून सांधा किती वाकला ते काढतात. आता याला 'ताण-संवेदक' म्हणालात, तर पोरं समजणार की मनावरचा ताण मोजायचं यंत्र आलं. भौतिकीत याला 'विकृती' म्हणतात, आणि तो शब्द दवाखान्याच्या कागदावर छापणं तर त्याहून वाईट. 'किती ताणलं गेलं ते मोजणारी' असं सरळ क्रियापदानं सांगा.

ऊसपट्टा
'किती वढली' म्हणा. 😄

पेठेतली
'परिधेय' वर माझा राग आहे. मराठीत अंगावर घालायच्या गोष्टींना एक क्रियापद कधीच नव्हतं. लुगडं नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, लंगोट कसतात. कुठली वस्तू आहे ते क्रियापदातच कळतं. पट्टी घालत नाहीत, चिकटवतात किंवा डकवतात. तेव्हा 'कातडीवर चिकटवायची पट्टी' लिहिलं की परिधेय आपोआप गेलं. मनगटी घड्याळासारखं काही असेल तेव्हाच 'हातात बांधायचं'.
'सनियंत्रण' हा सरकारी कागदावरचा शब्द. त्यात 'नियंत्रण' दडलेलं आहे, आणि पट्टी काहीच नियंत्रित करत नाही, फक्त टिपते. 'पाळत' मध्ये संशय आहे. 'देखरेख' वस्तादांनी करायची. 'नोंद' बरा.

दसराचौक
संवेदक?

वॉर्डातली
सेन्सर. गाडीला सेन्सर, नळाला सेन्सर, सगळं सेन्सरच आहे. पत्रकाच्या शेवटी एकदा 'संवेदक' लिहा हवं तर, शाळेतल्या पोरांना उपयोगी पडेल.

तिठ्यावरचा
मग वाक्य असं : "कातडीवर चिकटवायची, ताणली तरी न तुटणारी हायड्रोजेलची सेन्सर-पट्टी. सांध्याची हालचाल, नाडी आणि घामातले क्षार यांची नोंद ठेवण्यासाठी." लांब झालं, पण श्वास न अडकता वाचता येतं.
'न तुटणारी' च्या जागी 'सहजी न तुटणारी' करा. साधं हायड्रोजेल चटकन फाटतं. होक्काइदो विद्यापीठातल्या ज्यान पिंग गोंग यांच्या गटानं 2003 मध्ये दोन जाळ्या एकमेकींत गुंतवून चिवट हायड्रोजेल केलं. सगळ्या पट्ट्या तशा नसतात.

ऊसपट्टा
आणि एक. तालमीत अंगाला तेल आणि वर तांबडी माती. तसल्या अंगावर ही पट्टी धरायची न्हाई. 'लावण्याआधी जागा धुऊन कोरडी करा' हे ठळक अक्षरात टाका.

वॉर्डातली
आणि 'उघडी ठेवल्यास वाळते' हेही. 'सुकते' नको. सुकलेलं पुन्हा ओलं करून चालेल असं वाटतं लोकांना. पाणी उडून जाऊ नये म्हणून काही पट्ट्यांत ग्लिसरीन घालतात, तरी पाकीट बंदच हवं.

दसराचौक
दोन्ही टाकतो. 'चिकटवण्याची जागा' साठी चित्र काढून घेतोय. त्यात गुडघ्याची 'वाटी' लिहू की 'ढाकणी'?

पेठेतली
वाटी.