अल्याड की पल्याड? रविवारच्या फुटबॉल फायनलचा अंदाज सांगा, पण कारणासकट

वैनगंगाकाठ

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी 4 वाजता फायनल आहे आणि यंदाही नदीच्या दोन काठांचीच गाठ पडली. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात ही दोन गावं समोरासमोर आहेत, मधे नदी. पल्याडचं गाव पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांचं. फुटबॉल त्यांच्याबरोबर इथे आला. आमच्या अल्याडला तेव्हा कबड्डी आणि शंकरपट एवढंच होतं. धान निघालं की पल्याडची माणसं रिकाम्या बांध्यांत चेंडू घेऊन उतरायची, आमची पोरं धुऱ्यावर बसून पाहायची आणि मग हळूहळू उतरली. आज दोन्ही गावांत तोडीस तोड खेळ आहे.

माझा अंदाज : अल्याड 2, पल्याड 1.

चौकात सगळे उलट सांगतात, कारण पल्याडने यंदा बाहेरचे तीन प्लेअर आणलेत. दोन कामठीचे, एक बल्लारपूरचा स्ट्रायकर. नियमात तीन चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. अल्याडच्या अकरापैकी अकरा गावातले आहेत. वर्गणीचा पैसा त्यांनी बूट, जाळी आणि सरावाच्या चेंडूंवर घातला आणि धान कापणी आटोपल्यापासून रोज संध्याकाळी एकत्र खेळत आहेत. माझं म्हणणं सरळ आहे : शनिवारी येऊन रविवारी खेळणारे तीन चांगले पाय डर्बी, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांची चुरशीची लढत, जिंकून देत नाहीत. सेमीफायनल पाहिली असेल त्यांना आठवेल, पल्याडचा लेफ्ट विंगर सारखा गोलच्या मागच्या पोस्टवर (लांबच्या खांबाकडे) क्रॉस टाकत होता आणि बल्लारपूरचा भाऊ पुढच्या पोस्टवर धावत होता. ते जिंकले ते पेनल्टीवर.

आष्टीचा बॅक

भाऊ, मन लावून लिवलं तुमी, पन अंदाज काही पटला नाई. त्या बल्लारपूरवाल्याले मी मार्क केलं हाये मागच्या साली दुसऱ्या टूर्नामेंटमदी. पाठीवर माणूस घेऊन फिरते तो. एकदा फिरला का मंग तुमी फक्त त्याचा नंबर वाचायचा. अल्याडचा सेंटर बॅक मेहनती हाये, पन त्याले असा प्लेअर पाहाची सवय नाई. एकत्र सरावाचं म्हनता, सराव कोनासोबत केला? आपसातच ना? रोज त्याच पोरायसोबत खेळून बचाव कसा सुधरन?

पल्याड 3-1. आन तिन्ही गोल दुसऱ्या हाफमदी.

पल्याडचा नातू

नमस्कार. मी पल्याडचा, माझे आजोबा खुलना जिल्ह्यातून आले. घरात अजून कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचा लाल-पिवळा झेंडा आहे.

वैनगंगाकाठ दादा, बाहेरच्या खेळाडूंनी डर्बी जिंकत नाही हे वाक्य कोलकात्यात म्हणून पाहा. 13 जुलै 1997, फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये 1 लाख 31 हजारांवर माणूस. समोर आमचा कट्टर प्रतिस्पर्धी क्लब मोहन बागान, त्यांचे प्रशिक्षक अमल दत्त यांची डायमंड पद्धत (खेळाडूंची चौकटच्या आकारातली मांडणी) तेव्हा जोरात होती. ईस्ट बंगाल 4-1 जिंकलं आणि हॅटट्रिक बायचुंग भुतियाची. तो कुठला? सिक्कीमचा. 2009 मध्ये मोहन बागानने आम्हाला 5-3 हरवलं, त्यात चार गोल एकट्या चिडी एडेचे, तो नायजेरियाचा. ऑगस्ट 2023 मध्ये साडेचार वर्षांनी आम्ही डर्बी जिंकलो, तो एकमेव गोल नंदकुमारचा, तो तामिळनाडूचा. तीनच आठवड्यांनी ड्युरँड कपच्या फायनलमध्ये दहा खेळाडूंवर आलेल्या मोहन बागानला जिंकून दिलं पेत्रातोसने, तो ऑस्ट्रेलियाचा. जिथे डर्बी म्हणजे घरात ईलिश (आमचा हिल्सा मासा) शिजणार की चिंगडी (त्यांची कोळंबी) याचा फैसला असतो, तिथे निकाल बाहेरून आलेल्यांनीच लावलेत.

पल्याड 2-0.

वैनगंगाकाठ

नातू भाऊ, उदाहरणं एक नंबर दिलीत, पण ती माझ्याच बाजूची आहेत. बायचुंग सामन्याच्या आदल्या रात्री बसने कोलकात्यात उतरला नव्हता. तो 1993 पासून ईस्ट बंगालमध्ये होता, मधे दुसऱ्या क्लबकडे जाऊन परत आला. चिडी, नंदकुमार, पेत्रातोस, सगळे क्लबबरोबर रोज सराव करणारे. माणूस कुठे जन्मला यावर माझा आक्षेप नाहीच. तो संघाबरोबर किती राहिला यावर आहे. आपल्याकडे येतात ते खेपेचे खेळाडू. एका रविवारी आपल्याकडे, पुढच्या रविवारी दुसऱ्या तालुक्यात. मिडफिल्डमधून कोण कधी पळेल हे त्यांना कसं कळणार?

आणि साडेचार वर्षं न जिंकण्याचं कारणही तुम्हाला माहीत आहे. त्या काळात ईस्ट बंगालचा संघ दरवर्षी नव्याने उभा राहत होता, प्रशिक्षक बदलत होते, समोर मोहन बागानचा मूळ सांगाडा टिकून होता. जुळलेला संघ जिंकत राहिला.

पल्याडचा नातू

हे अर्धं खरं आहे. मोहन बागानकडे पैसाही जास्त होता, आणि पैशाने चांगले खेळाडू येतात. तेवढं वगळून सांगाडा सांगाडा करू नका.

भरतीवाला 1600

मी अल्याडच्या संघात नाही पण त्यांच्यातल्या चौघांबरोबर रोज पहाटे धावतो. चौघंही पोलीस भरतीची तयारी करत आहेत. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत काढलं तर 20 पैकी 20 गुण मिळतात, त्या वेळेच्या जवळ दोघं आलेत. शेवटच्या पंधरा मिनिटांत हीच पोरं पळतील आणि कामठीचे पाय जड पडतील. आपलं ग्राउंड मुरमाड आहे, चेंडू थांबत नाही, सारखं मागे धावावं लागतं.

अल्याड 2-0, दोन्ही गोल शेवटी.

आष्टीचा बॅक

बावा, 1600 मीटर सरळ धावनं अन फुटबॉल धावनं येगळं राह्यते. फुटबॉलमदी दहा पावलं जोरात, मंग थांबा, मंग वळा, मंग परत मागं. भरतीवाल्या पोरायले वळता येत नाई म्हनून पहिल्या वीस मिनिटातच मांडी धरते. सेमीफायनलमदी अल्याडच्या दोघांयच्या पायात गोळे आले होते का नोते? तुमीच सांगा.

भरतीवाला 1600

आले होते, खरं आहे. त्या दिवशी सकाळी दोघांनीही मळणीवर काम केलं होतं. या रविवारी कामावर जाणार नाहीत, घरच्यांनी कबूल केलंय.

पीटी गुरुजी

मुलांनो, तुम्ही दोन्हीकडचे पाय मोजताय, ग्राउंड आणि ऊन कोणी मोजलं नाही.

आपलं मैदान पूर्व-पश्चिम आहे. ते तसं नसावं हे मी कधीपासून सांगतो आहे, पण बाजूच्या बांध्या कोणी सोडायला तयार नाही. जानेवारीत 4 वाजता सूर्य पश्चिमेला उतरलेला असतो आणि पावणेपाचनंतर तो पूर्वेकडच्या गोलकीपरच्या थेट डोळ्यांत येतो. पूर्वेच्या गोलमध्ये उभा असलेला कीपर उंच चेंडू पाहूच शकत नाही. आता टॉसचा नियम आठवा. 2019 पासून टॉस जिंकणाऱ्याला बाजू किंवा किक-ऑफ यांपैकी एक निवडता येतं. शहाणा कॅप्टन पहिल्या हाफमध्ये पूर्वेचा गोल घेईल, ऊन वर असताना त्रास सोसेल आणि दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या कीपरला उन्हात उभं करेल. गेल्या वर्षी पल्याडने हेच केलं आणि 1-0 जिंकले. तो गोल आठवा, कॉर्नरवरचा साधा उंच चेंडू होता, अल्याडच्या कीपरने हात डोळ्यांवर धरला होता, चेंडूवर नाही.

दुसरं प्रेक्षकांचं. 2020-21 मध्ये करोनामुळे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा त्या लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच पाहुण्या संघांचे विजय यजमानांपेक्षा जास्त झाले, 153 विरुद्ध 144. म्हणजे ओरडणाऱ्या माणसांनी फरक पडतो. फायनल यंदा अल्याडच्या मैदानावर आहे.

म्हणून माझा अंदाज टॉसवर अवलंबून आहे. अल्याडने टॉस जिंकला तर 1-0 अल्याड, नाहीतर 1-0 पल्याड. दोघांना धरून चालतोय असं समजू नका, मी खरंच या सामन्यात एका गोलाच्या वर अंतर पाहत नाही.

पल्याडचा नातू

गुरुजी, नमस्कार. उन्हाचं शंभर टक्के मान्य. पण प्रेक्षकांचं इथे लागू होत नाही. आमचं गाव नदी ओलांडून अर्ध्या तासात पूर्ण मैदानावर असतं. ढोलही आमचेच जास्त असतात.

विंगर ताई

मी मुलींच्या संघात खेळते आणि मला अंदाजापेक्षा एक गोष्ट जास्त बोलायची आहे. तीन बाहेरच्या खेळाडूंचं मानधन, येणं-जाणं, जेवण, राहणं यात जेवढा पैसा जातो तेवढ्यात दोन्ही गावांच्या मुलींच्या संघांना बूट येतात. आम्ही अजून कॅनव्हासच्या बुटांवर मुरमावर खेळतो. नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन जे काम उभं केलं त्यात पैशाआधी चेंडू होता, आणि तो चेंडू तिथल्याच पोरांना मिळाला. आमच्या वयाच्या मुलींनी बाहेरच्या स्ट्रायकरला टाळ्या वाजवायच्या आणि स्वतः उसने बूट घालायचे, हे मला मान्य नाही.

अल्याड जिंको असं मला मनापासून वाटतं, आणि मी पल्याडची आहे.

पल्याडचा नातू

ताई, बुटांचं खरं आहे आणि ते व्हायला हवं. फक्त एक दुरुस्ती. यंदा बाहेरच्या प्लेअरचा पैसा गावच्या वर्गणीतला नाही. हैदराबादला कामाला असलेल्या पोरांनी जमवून पाठवला. त्यांना वर्षातून एकदा गाव जिंकताना पाहायचं असतं, फोनवर का होईना.

विंगर ताई

मग त्याच पोरांना सांगा ना, बहिणींचे बूटही पाठवा. मी नंबर देते सगळ्यांचे.

पल्याडचा नातू

द्या. मी स्वतः विचारतो त्यांना.

आष्टीचा बॅक

आता एक बातमी सांगतो, कोनाले मालूम नाई वाटते. अल्याडचा राइट बॅक तेलंगनात मिरची तोडाले जाऊन रायला. मुकादमाची गाडी शुक्रवारी निंगते. त्याच्या जागी कोन? बेंचवर दहावीतलं पोरगं हाये. अन पल्याडचा तो लेफ्ट विंगर, ज्याचे क्रॉस भाऊ मोजून रायले होते, तो त्याच बाजूनं येते.

आता सांगा 2-1 कसं?

वैनगंगाकाठ

हे खरं असेल तर मोठा फटका आहे. तो राइट बॅक नुसता बचाव करत नाही, थ्रो-इन पार पेनल्टी बॉक्सपर्यंत टाकतो. पण मिरचीची मजुरी कोणी एका सामन्यासाठी सोडावी असं मी म्हणणार नाही. घर त्यावर चालतं.

तरी अंदाज बदलत नाही. लेफ्ट हाफ उजवीकडे सरकेल, तो आधी तिथेच खेळायचा. आणि तुमच्या बातमीला माझी एक बातमी : शनिवारी रात्री पल्याडला झाडीपट्टीचं नाटक आहे. नाटक संपेपर्यंत तांबडं फुटतं. मंडप ज्या शाळेसमोर आहे त्याच शाळेत बाहेरच्या तिन्ही खेळाडूंची राहायची सोय केली आहे. रात्रभर भोंगे वाजल्यावर ते झोपणार कधी?

पल्याडचा नातू

तिघांनाही माझ्या मामाच्या शेतावरच्या घरी हलवलंय. काळजी नसावी.

भरतीवाला 1600

आणि गावातले आठ? ते नाटक सोडून झोपतील का? मुख्य नट कोण आहे माहीत आहे ना?

पल्याडचा नातू

कॅप्टनने बजावलं आहे. पण हो, ही भीती मलाही आहे.

मंडळाचा सदस्य

सर्वांचा उत्साह पाहून बरं वाटलं. दोन गोष्टी मंडळाकडून.

एक, यंदा दोन्ही गावांचे प्रेक्षक वेगवेगळ्या बाजूंना बसतील आणि टचलाइनपासून पाच पावलांवर दोर असेल. दोराच्या आत लहान मुलंसुद्धा नकोत. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन 16 जण गेले. गेल्या वर्षी आपल्याकडे गोल झाल्यावर दोन्हीकडची माणसं मैदानात धावली होती, त्यात एका म्हाताऱ्या बाबांचा पाय मोडला. यंदा तसं झालं तर सामना तिथेच थांबेल. सट्टा लावणारा दिसला तर त्याला मैदानाबाहेर काढू, मग तो कोणाच्याही घरचा असो.

दोन, बरोबरी झाली तर जादा वेळ नाही. 35-35 मिनिटांचा खेळ आणि मधली सुट्टी धरून साडेपाच होतात, आणि दिवस सहाच्या आत बुडतो. लाइट नाहीत. थेट पेनल्टी.

आष्टीचा बॅक

थेट पेनल्टी? मंग भाऊ, भरतीवाल्या पोरायचं सारं धावनं वाया. जादा वेळ असता तं त्यायले फायदा होता.

पीटी गुरुजी

आणि पेनल्टी कोणत्या गोलवर? साडेपाचला पूर्वेच्या गोलमध्ये कीपरला काहीच दिसणार नाही. पश्चिमेच्या गोलवर घ्या, तिथे सूर्य दोन्ही कीपरच्या पाठीशी राहील. मारणाऱ्याच्या डोळ्यांवर येईल, पण त्याचा चेंडू जमिनीवर ठेवलेला असतो. नियमाप्रमाणे गोल ठरवायला टॉस होतो, पण मैदानाची अडचण असेल तर रेफरी गोल बदलू शकतो. सामन्याआधीच रेफरीशी बोलून ठेवा.

मंडळाचा सदस्य

गुरुजी, रेफरींना आजच फोन करतो.

वैनगंगाकाठ

तसं असेल तर अंदाजात एवढाच बदल : 70 मिनिटांत 1-1, पेनल्टीवर अल्याड. कारण पेनल्टी मारायला अल्याडकडे पाच जण ठरलेले आहेत, रोज सरावाच्या शेवटी तेच पाच मारतात. पल्याडकडे पहिली कोण मारणार, गावचा कॅप्टन की बल्लारपूरचा भाऊ?

पल्याडचा नातू

कॅप्टन. त्यावरून काल संघात बोलाचाली झाली, पण ठरलं ते ठरलं. पहिली कॅप्टन, शेवटची बल्लारपूरचा. पल्याड, पेनल्टीवर 4-3.

विंगर ताई

फायनलच्या आधी 3 वाजता मुलींचा सामना आहे. अंदाज द्यायला कोणी आलं नाही, निदान पाहायला लवकर या.