बेटावर जाताना कॅमेरा घरीच ठेवावा का?

निवांत (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात सहा दिवस एका बेटावर राहून आलो. विषुववृत्ताजवळचं बेट म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं ते सगळं तिथे होतं. परत आलो तेव्हा फोनमध्ये एक हजार नऊशे चाळीस फोटो होते. तिसऱ्या दिवशी बायकोने सहज विचारलं, "तो रोज पहाटे ओरडायचा तो पक्षी, कसा आवाज काढायचा रे?"

मला आठवेना. आवाज सोडाच, पक्षी होता हेच आठवेना. आणि त्या सहाही पहाटे मी बाहेरच होतो! तिपाई लावून सूर्योदयाची वाट बघत, त्याच झाडाखाली. ती अंथरुणात पडून ऐकत होती, तिला आठवतंय.

तर माझं मत असं झालंय की अशा सुट्टीवर कॅमेरा नेऊच नये. फोन खोलीतल्या तिजोरीत टाकावा, निघताना बाहेर काढावा. टोकाचं वाटेल, पण मधला मार्ग करून झालाय. "आज फक्त दहाच" असं ठरवलं की दहावा फोटो सकाळी आठच्या आत निघून जातो.

बोला.

सागरगोटा

पक्षी तुम्ही विसरलात, त्यात फोनचा काय दोष? माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एक फोटो काढलेला नाही. त्यांना बेटाचं नावही आठवत नाही.

मुग्धा

अजिबात पटलं नाही. तुम्ही फोटो काढत नव्हता, गोळा करत होता. सहा दिवसांत एकोणीसशे म्हणजे जागेपणीच्या दर तासाला वीसेक. त्याचं खापर कॅमेऱ्यावर का फोडायचं?

माझा अनुभव नेमका उलटा आहे. कॅमेरा हातात आला तेव्हापासून मला बघता यायला लागलं. साधी गोष्ट घ्या. फोटोग्राफीच्या वर्गात सांगतात, भर दुपारी फोटो काढू नका, ऊन कडक असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. माणसांच्या फोटोंना ते लागू आहे. पण उथळ लगूनचा (प्रवाळांनी अडवलेल्या पाण्याचा) तो हिरवा-निळा रंग सकाळी शोधायला गेलात तर मिळत नाही. सूर्य तिरपा असला की बराच उजेड पाण्याच्या पाठीवरूनच परावर्तित होतो आणि पाणी राखाडी दिसतं. ऊन डोक्यावर आलं की उजेड आत शिरतो, तळाच्या पांढऱ्या वाळूवर आपटून वर येतो, आणि जाता-येता त्यातला तांबडा भाग पाणी गिळून टाकतं. उरतो तो रंग आपण बघायला जातो. मी दोन दिवस सकाळी सहाला उठून चडफडले, तिसऱ्या दिवशी बारा वाजता कळलं. कॅमेरा नसता तर "काय छान निळं आहे ना" म्हणून पुढे गेले असते.

संध्याकाळचंही तसंच. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळला की वीसेक मिनिटांत संधिप्रकाश आटोपतो. हे मला अंधारात ठेचकाळत परत येताना समजलं, पण समजलं.

अभ्यासू कावळा

दोघांचीही पंचाईत करतो.

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा एक प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला होता. विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढा, काही नुसत्या बघा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवले. हे निवांत यांच्या बाजूने. गंमत पुढे आहे. ज्या वेळी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितला, त्या वेळी ही घसरण दिसली नाही. चौकटीबाहेर राहिलेला भागसुद्धा लोकांना नीट आठवत होता. हे मुग्धा यांच्या बाजूने.

दुसरा अभ्यास 2017 चा, बराश आणि सहकाऱ्यांचा. यात फोटो कशाचे काढायचे हे लोकांनी स्वतः ठरवायचं होतं, आणि कानात माहिती सांगणारा आवाज चालू होता. फोटो काढणाऱ्यांना डोळ्यांनी पाहिलेलं जास्त आठवलं. कानांनी ऐकलेलं कमी.

निवांत

म्हणजे माझा पक्षी पुराव्यानिशी उडाला.

अभ्यासू कावळा

हो. पण सूर्योदय पक्का बसला असणार.

निवांत

सहाही सूर्योदय एकसारखे होते.

जुनाट

आमच्या वेळी छत्तीस फोटोंचा रोल असायचा. सबंध सहलीला दोन रोल. बटण दाबण्याआधी माणूस दहादा विचार करायचा, म्हणून ते फोटो अजून अल्बममध्ये आहेत. फुकट मिळालं की किंमत राहत नाही, हा सगळा त्याचा परिणाम.

टिंगलखोर

काका, त्या छत्तीसांत चार अंगठ्याचे, सहा हललेले, आणि रोल संपत नाही म्हणून शेवटचे पाच घराच्या गेटचे. आमच्याकडेही अल्बम आहे.

पाणबुड्या

पाण्याबाहेर काय करायचं ते करा. पाण्याखाली मात्र मी निवांत यांच्यापेक्षा कडक आहे. ज्याला अजून एका जागी स्थिर तरंगता येत नाही त्याच्या हातात कॅमेरा देऊच नये.

कारण सांगतो. फोटो घेताना माणसाची नजर स्क्रीनवर आणि पाय मागे. त्या पायांना फूटभर लांबीचे फिन. समोर रंगीत मासा असतो, आणि मागे आपण काय मोडतोय याचा पत्ता नसतो. गोलसर, घट्ट जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. एका लाथेत गेलेलं भरून यायला किती वर्षं लागतील ते बघा. मी स्वतः केलंय हे, म्हणून बोलतोय. पहिल्याच वर्षी, एका समुद्रघोड्याच्या नादात. मागच्या मित्राने व्हिडिओ घेतला होता, त्यात माझा पराक्रम दिसतो.

कासवाचं तर विचारूच नका. त्याला श्वासाला वर जावं लागतं. आठ जण कॅमेरे घेऊन चारही बाजूंनी, एक बरोबर डोक्यावर. ते बिचारं वर निघालं की "पळालं पळालं" म्हणून सगळे मागे.

आणि एक. "जे डोळ्यांनी दिसलं ते खरं" असं म्हणणाऱ्यांसाठी. पाच-सात मीटर खाली गेलात की तांबडा रंग जवळपास संपतो. लाल मासा तिथे मातकट दिसतो. मासिकातले भडक लाल फोटो फ्लॅश मारून काढलेले असतात. म्हणजे तो लाल रंग तिथल्या माशांनी पण एरवी बहुधा पाहिलेला नसतो.

मुग्धा

लाथांबद्दल शंभर टक्के सहमत. पण पाण्याखालचे हौशी फोटो अगदी वाया जातात असं नाही. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. आकाशातल्या ताऱ्यांचे आकृतिबंध जुळवायची एक गणिती रीत होती, तीच 2005 मध्ये संशोधकांनी या ठिपक्यांना लावली. तेव्हापासून सुट्टीवर आलेल्या कुणाही माणसाने काढलेल्या फोटोवरून तो प्राणी ओळखता येतो: हाच पूर्वी कुठे दिसला होता, किती वर्षांनी परत आला. मांटा रे या पसरट माशाच्या पोटावरच्या डागांवरूनही असंच ओळखतात. सगळ्यांनी फोन तिजोरीत ठेवले असते तर हे कुठून आलं असतं?

पाणबुड्या

मान्य. पण त्यासाठी बाजूचा किंवा पोटाचा स्वच्छ फोटो लागतो, "मी आणि शार्क" लागत नाही.

ओली वाळू

सगळे स्मरणशक्तीवरच अडकलेत. मला बेटाचं पडलंय. थायलंडमधली माया बे बघा. एका हॉलिवूडपटात दिसली आणि प्रत्येकाला तोच फोटो हवा झाला. चिंचोळी वाळू, तिन्ही बाजूंना कडे, मधे आपण. दिवसाला पाच-पाच हजार माणसं उतरायला लागली. शेवटी जून 2018 मध्ये खाडी बंद करावी लागली, ती 2022 च्या जानेवारीत उघडली. आता बोटी आत येत नाहीत, मागच्या बाजूला थांबतात. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परत दिसायला लागले. एका फोटोच्या हट्टापायी हे सगळं. म्हणून कॅमेरा बंदच करा.

टिंगलखोर

तिथले प्रवाळ बोटींच्या नांगरांनी मोडले, लेन्सने नाही. 2018 मध्येच फिलिपीन्सने बोराकाय बेट सहा महिने बंद ठेवलं, ते सांडपाणी सरळ समुद्रात सोडत होते म्हणून. सेल्फी न काढणारा माणूसही संडासला जातो.

ओली वाळू

हसू आलं, पण मुद्दा टाळलात. ती पाच हजार माणसं शेजारच्या खाडीत का जात नव्हती? शेजारच्या खाडीचा फोटो प्रसिद्ध नव्हता म्हणून.

टिंगलखोर

…हे बरोबर आहे. काय उत्तर द्यावं सुचत नाहीये.

सागरगोटा

टिंगलखोरला सुचत नाही, आजची तारीख लिहून ठेवा. फोटोत घ्या.

बंदीपेक्षा नियम बरे, असं मला वाटतं. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं आणि फ्लॅश मारायचा नाही, एवढंच सांगतात. काढा हवे तेवढे फोटो. तिथले प्राणी माणसाला बिचकत नाहीत, कधी कधी तेच जवळ येतात, मग आपणच मागे सरकायचं. माणसांच्या बाबतीत मात्र नियम याहून कडक हवा, आणि काही ठिकाणी आहेही. अंदमानात जारवा आदिवासींचे फोटो काढणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. एरवीही किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या माणसाला आपण न विचारता "दृश्य" करून टाकतो. आपण घराच्या ओट्यावर बसलोय आणि कुणी परका येऊन तोंडासमोर लेन्स धरतोय, असं झालं तर?

मुग्धा

मी विचारते. दहातले चार जण नाही म्हणतात. उरलेले सहा विचारल्यावर ताठ होऊन पोझ देतात आणि फोटो बिघडतो :) तरी विचारावंच.

जुनाट

एक व्यावहारिक प्रश्न. एसीच्या खोलीतून बाहेर आलं की लेन्सवर धुकं धरतं. काय करावं?

पाणबुड्या

बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा, अर्धा तास तशीच राहू द्या, कॅमेरा हळूहळू गरम होईल. पुसत बसू नका, परत धरतं. आणि किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, वाळू आत गेली की करकर आयुष्यभर ऐकत बसाल.

निवांत, तुमच्यासाठी: एकोणीसशेचाळीसांत व्हिडिओ किती आहेत? पहाटेचा एखादा असेल तर आवाज लावून ऐका.

निवांत

काल रात्री बसलो. चौदा व्हिडिओ निघाले, त्यातला पहाटेचा एकच, अकरा सेकंदांचा. चुकून चालू झालेला, बहुधा बायको एकदा बाहेर आली होती तेव्हाचा. चित्रात नुसते माझे पाय आणि ओली वाळू. आवाज मोठा करून दोघांनी ऐकला.

पक्षी आहे. सहाव्या सेकंदाला सुरू होतो. तीन स्वर, शेवटचा लांबवलेला आणि जरा खाली उतरणारा. पण त्याच्यावरून माझा आवाज चाललाय: "डावीकडे सरक. अजून. अगं अजून डावीकडे." पक्षी पुरा ऐकू येतो तो शेवटच्या दोन सेकंदांत, मी गप्प झाल्यावर. बायको म्हणाली, हाच. मग तिने तो आणखी चार वेळा लावला, आणि दर वेळी "अजून डावीकडे" आलं की माझ्याकडे बघितलं.

मुग्धा, अर्धं मान्य. पुढच्या वेळी फोन नेईन, पहाटे मात्र तिजोरीत. ओली वाळू यांच्या मुद्द्याला माझ्याकडेही उत्तर नाही. आम्ही ते बेट निवडलं होतं तेही कुणाचा तरी फोटो बघूनच.

आता एकच विचारायचंय. तीन स्वर, तिसरा लांब, उजाडायच्या आधी, उंच झाडावरून. कुठला पक्षी असेल, कुणी ओळखेल का?

अभ्यासू कावळा

फोटो आहे का?