‘अ गुड अवर’ म्हणजे नक्की किती वेळ? पाहुण्यांचं इंग्रजी आणि आमच्या गाड्या

मालवा_सहल

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, रामबागेत राहतो. घरच्या दोन गाड्या आहेत, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर अशा सहली लावतो. हिवाळ्यात परदेशी पाहुणे जास्त. त्यांच्याशी सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. माझं इंग्रजी कामापुरतं बरं आहे, पण वेळ आणि अंतराचा विषय निघाला की अडतं.

परवाचंच सांगतो. महेश्वरहून इंग्लंडच्या एका आजींचा मेसेज: ‘वुई विल बी अ गुड अवर ॲट द फोर्ट, देन द बेस्ट पार्ट ऑफ द आफ्टरनून बाय द रिव्हर. कॅन यू पिक अस अप ॲट हाफ फाइव्ह?’ ड्रायव्हर म्हणाला, “भिया, पाचाचे अर्धे अडीच!” दुसरा म्हणाला साडेचार. मी सरळ फोन लावून विचारलं म्हणून निभावलं, पण दरवेळी फोन करणं बरं दिसत नाही.

यातला कुठला शब्द किती मिनिटांचा, असा तक्ता कोणाकडे आहे का? ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकेन म्हणतो. वयाने लहान आहे, मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.

छप्पनवाला

भिया, आपल्याकडे “बस, पोचलोच” म्हणजे माणूस अजून अंघोळीला जायचाय. इंग्रजांना कशाला नावं ठेवायची?

स्नेहलतागंजच्या_बाई

तक्ता करता येणार नाही रे. हे शब्द मिनिटं सांगतच नाहीत. आकड्याच्या अलीकडे राहायचं की पलीकडे, तेवढं सांगतात. मी नोकरीभर नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं. मुलं आकडा पाठ करायची आणि त्याच्या पुढचा-मागचा शब्द सोडून द्यायची. खरी बातमी त्या शब्दातच असते.

‘अ गुड अवर’ म्हणजे तासाच्या वरच. सव्वा तास होईल, दीड होईल, पन्नास मिनिटं होणार नाही. आपण “चांगला तासभर बसवून ठेवलं” म्हणतो, तसंच. ‘अ गुड टेन माइल्स’ म्हटलं तरी तोच हिशेब, दहाच्या वर.

‘द बेस्ट पार्ट ऑफ’ अलीकडचा. पूर्ण नाही, पण अर्ध्यापेक्षा बराच जास्त. म्हणजे आजी जवळजवळ सगळी दुपार घाटावर काढणार होत्या. ‘बेस्ट’ बघून दुपार फार मजेत जाणार असं समजू नकोस, तिथे त्याचा अर्थ मोठा वाटा इतकाच.

‘जस्ट अंडर’, ‘नियरली’, ‘गोइंग ऑन’ हे अलीकडचे. ‘ओव्हर’, ‘अपवर्ड्स ऑफ’, ‘अँड अ बिट’ हे पलीकडचे. ‘अबाउट’, ‘अराउंड’ आणि शेवटी लागणारं ‘ऑर सो’ यांचा भरवसा नाही, दोन्हीकडे झुकतात. ड्रायव्हरांना एवढं सांग की पलीकडचा शब्द दिसला तर चहाला वेळ आहे, अलीकडचा दिसला तर गाडी वळवून तयार ठेवायची.

आणि ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच. ब्रिटिश माणूस ‘हाफ पास्ट’मधलं ‘पास्ट’ गिळून टाकतो. त्याचं ‘हाफ’ म्हणजे आपलं ‘साडे’, एवढं धरलंस की झालं. फक्त पाहुणा जर्मन असेल तर खुंटा हलवून बघ. त्यांच्या भाषेत ‘अर्धा पाच’ म्हणजे साडेचार, पाचाकडे जाताना अर्धी वाट झाली असा त्यांचा हिशेब. इंग्रजी बोलतानाही तो डोक्यात राहू शकतो. तिथे आकड्यांत लिहून विचारावं, त्यात कमीपणा नाही.

लीड्सकर

मूळचा इंदूरचाच, नारायण बागेतला. आता बरीच वर्षं इंग्लंडात. बाईंशी सहमत, पण अंतराचंही बघ. घोळ तिथेच जास्त होतो.

इथला माणूस अंतर विचारतो तेव्हा त्याच्या मनात मैल असतात. एक मैल म्हणजे 1.6 किलोमीटर. मोटरवेवर ताशी 70 मैलांची, म्हणजे साधारण 112 किलोमीटरची मर्यादा आहे. त्यामुळे महेश्वर नव्वदेक किलोमीटर म्हटलंस की तो मनात छप्पन मैल करतो आणि म्हणतो, ‘अॅन अवर ऑर सो.’ विंध्याचा घाट उतरायचाय, मध्ये गावं आहेत, ट्रॉल्या आहेत, हे त्याला कुठून कळणार? म्हणून किलोमीटर सांगूच नकोस, तास सांग. इथेही लोक तेच करतात. गाव किती लांब म्हटलं तर ‘टू अवर्स अवे’.

‘ॲज द क्रो फ्लाइज’ आलं तर सावध. ते कावळ्याचं अंतर, नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं. मांडू कावळ्याला साठ-पासष्ट किलोमीटर, तुझ्या गाडीला नव्वदीच्या पुढे.

‘अ स्टोन्स थ्रो’ म्हणजे दगड फेकला तर पडेल तिथवर, आपलं हाकेच्या अंतरावर. जुना प्रयोग आहे, 1611 च्या इंग्रजी बायबलातही दगडाच्या टप्प्याने अंतर सांगितलंय. पण हॉटेलच्या जाहिरातीत दिसला तर दगड कोण फेकतंय ते आधी विचार. इथे स्टेशनपासून ‘स्टोन्स थ्रो’ म्हणून घेतलेल्या खोलीपर्यंत मी बॅग ओढत वीस मिनिटं चाललोय.

आणि ‘अ कपल ऑफ अवर्स’ म्हणजे दोनच तास. आमच्या ऑफिसात तरी तसंच.

स्नेहलतागंजच्या_बाई

‘कपल’चं मला पटलं नाही. माणसं असतील तर दोन, कबूल. तासांना लागलं की ते सैल होतं, दोनचे अडीच सहज होतात. आपलं ‘दोनेक तास’ म्हण. आणि ‘अ कपल ऑफ मिनिट्स’ म्हणून जो गेला तो दोन मिनिटांत परत आलेला मी तरी पाहिला नाही, तुमच्या लीड्सचं तुम्हाला ठाऊक.

लीड्सकर

मिनिटांचं मान्य. तासांचं नाही. :)

मालवा_सहल

बाई, दादा, खूप आभार. आता उलट बाजूने बघाल का? मी पाठवतो तो मेसेज असा असतो:

‘ड्रायव्हर विल कम आफ्टर टेन-फिफ्टीन मिनिट्स. महेश्वर इज टू-थ्री अवर्स जर्नी. प्लीज पे बॅलन्स विदिन एट डेज.’

कोणी तक्रार केली नाही, पण एकाने ‘टेन फिफ्टीन? ओके, वुई विल हॅव ब्रेकफास्ट देन’ असं लिहिलं आणि गाडी खाली उभीच राहिली.

स्नेहलतागंजच्या_बाई

अरे, त्याने सव्वादहा वाचलं! ‘टेन फिफ्टीन’ म्हणजे घड्याळातले दहा पंधरा. मिनिटं न वाचता पुढे गेला असणार.

आपण ‘दहा-पंधरा’, ‘दोन-तीन’ असे आकडे जोडीने ठेवतो आणि ऐकणाऱ्याला अंदाज कळतो. इंग्रजीत मध्ये ‘ऑर’ किंवा ‘टू’ लागतं. ‘टू ऑर थ्री अवर्स’, ‘टेन टू फिफ्टीन मिनिट्स’. नुसते आकडे जोडायची सवय आपल्या इकडची, बाहेरचा माणूस अडखळतो.

आता ‘आफ्टर’. आपण “दहा मिनिटांनी येईल” म्हणतो, त्या ‘नी’चं भाषांतर करून ‘आफ्टर’ लिहितो. इंग्रज तिथे ‘इन’ म्हणतो. ‘ही विल बी देअर इन टेन मिनिट्स’. गंमत अशी की “दहा मिनिटांत जेवलो” यातल्या ‘त’लाही तो ‘इन’च वापरतो. आपल्याकडे दोन प्रत्यय, त्याच्याकडे एक शब्द, अर्थ क्रियापदावरून काढायचा. नक्की मुदत सांगायची असेल तेव्हाच ‘विदिन’ घे.

तिसरं, आठ दिवस. आपण आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतो, सोमवार ते सोमवार दोन्ही टोकं धरून. तो सातच मोजतो. तुझं ‘एट डेज’ वाचून तो मंगळवारपर्यंत निवांत बसेल आणि तू सोमवारपासून पैशांची वाट बघशील. ‘विदिन अ वीक’ लिही. दोन आठवड्यांना ब्रिटिश ‘फोर्टनाइट’ म्हणतात, चौदा रात्रींवरून आलेला शब्द आहे, पंधरा नव्हेत. अमेरिकन मात्र तो सहसा वापरत नाहीत, त्यांना ‘टू वीक्स’ लिही.

आणि ‘टू-थ्री अवर्स जर्नी’ऐवजी ‘अ थ्री-अवर ड्राइव्ह’. असा जोडशब्द ‘ड्राइव्ह’च्या आधी आला की ‘अवर’ला ‘एस’ लागत नाही. दहावीच्या पेपरात याचे मार्क हमखास जायचे.

छप्पनवाला

बाई, मी तुमच्या वर्गात असतो तर पास झालो असतो.

स्नेहलतागंजच्या_बाई

वर्गात वेळेवर आला असतास तर.

मालवा_सहल

सुधारून लिहिलाय, बघा: ‘द ड्रायव्हर विल बी देअर इन टेन टू फिफ्टीन मिनिट्स. महेश्वर इज अबाउट अ थ्री-अवर ड्राइव्ह. प्लीज पे द बॅलन्स विदिन अ वीक.’ रस्ता तसा अडीच तासांचा आहे, पण तीन सांगितलेले बरे, लवकर पोचले तर खूश होतात.

शेवटची एक शंका. आजच एका पाहुण्याने ‘नेक्स्ट फ्रायडे’ला मांडूची गाडी मागितलीय. आज मंगळवार. हा शुक्रवार की पुढचा?

लीड्सकर

ह्यावर इथे नवरा-बायकोत वाद होतात. काही जण येणाऱ्या शुक्रवारला ‘नेक्स्ट’ म्हणतात, काही त्याला ‘धिस फ्रायडे’ म्हणून त्याच्या पुढच्याला ‘नेक्स्ट’. तारीख विचारून घे.

मालवा_सहल

विचारली. पुढचाच निघाला. ह्या शुक्रवारी गाडी रिकामी आहे, कोणाला ओंकारेश्वरला जायचं असेल तर सांगा.