मदत हवी आहे : पती-पत्नी दोघांना एचआयव्ही, पण आजार एकालाच का?

पंचवटीकर :
माझ्या मावसभावाला आणि वहिनींना एचआयव्हीची लागण आहे. वहिनींची सीडी४ पेशींची (एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारपेशींची) संख्या दोनशेच्या खाली गेली आणि त्यांना क्षयरोगही झाला. भावाची मात्र सहाशेच्या आसपास निघाली. हा फरक आनुवंशिक असू शकतो का आणि त्याची तपासणी नाशिकमध्ये होते का, एवढेच सांगावे. रविवारच्या आत उत्तर हवे आहे, तेव्हा कृपया विषयाला धरून लिहावे.

गोदातीर :
हे आकडे औषधे सुरू होण्यापूर्वीचे की नंतरचे? व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, किती होता? एवढे कळल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

सिडकोवाला :
एचएलए बी२७ हा जनुकप्रकार आहे का, ते तपासून घ्या. सकाळी माझी कंबर आखडत असे, तेव्हा मणक्याच्या डॉक्टरांनी मला ती तपासणी सांगितली होती. बी२७ असणाऱ्यांमध्ये एचआयव्ही हळू वाढतो, असे वाचल्याचे आठवते.

परीक्षानळी :
सिडकोवाले, वाचलेत ते खरे, पण अर्धे. विषाणू शिरलेली पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंच्या खोबणीत धरून पृष्ठभागावर मांडते आणि ते पाहून सीडी८ या मारक प्रतिकारपेशी तिला मारतात. कोणता तुकडा मांडला जाईल, हे आईवडिलांकडून आलेल्या एचएलए जनुकांवर ठरते. बी५७ आणि बी२७ हे प्रकार विषाणूच्या गॅग नावाच्या प्रथिनाचे असे तुकडे मांडतात, की ते बदलून निसटायचे तर विषाणूचीच वाढ मंदावते. उलट बी३५ च्या काही उपप्रकारांमध्ये आजार लवकर बळावतो. आई आणि वडील दोघांकडून एकच प्रकार आला, तर मांडण्यातली विविधता घटते आणि तेही नुकसानीचे ठरते. विषाणू पेशीत शिरताना ज्या रेणूचा आधार घेतो, त्याच्या सीसीआर५ जनुकातील ३२ अक्षरे गळालेला प्रकार १९९६ मध्ये गाजला, परंतु तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच. आणि हे सारे समूहाचे कल आहेत. बी५७ असलेली माणसेही आजारी पडतात.

मळेकरी :
गुळवेलीचा काढा सुरू करा, प्रतिकारशक्ती वाढली की जनुके काय करणार?

गोदातीर :
क्षयरोगाची आणि एआरटीची (एचआयव्हीवरील उपचाराची) औषधे चालू असताना डॉक्टरांना न विचारता काढा देऊ नये. प्रश्नही तो नव्हता.

पंचवटीकर :
आकडे औषधांपूर्वीचे आहेत. आता दोघांचीही गोळी सुरू आहे. व्हायरल लोडचा कागद माझ्याकडे नाही. ज्याला आजार आधी झाला त्यानेच तो घरात आणला, असे मामांचे म्हणणे आहे आणि रविवारी त्यावर बैठक बसणार आहे. भावाचा एचएलए अहवाल समोर ठेवला की तोंडे बंद होतील, असे वाटते.

परीक्षानळी :
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. आजार कोणाला आधी झाला, यावरून लागण कोणाला आधी झाली हे ठरत नाही. ज्याला लागण आधी झाली त्याची जनुके अनुकूल असतील, तर तो वर्षानुवर्षे ठणठणीत दिसू शकतो. परंतु भावात बी५७ सापडला तरी लागण आधी त्यालाच झाली, हे त्यातून सिद्ध होत नाही. सापडला नाही, तर मामा तोच कागद वहिनींवर उलटवतील. उपचारात या तपासणीचा उपयोग एवढाच, की बी५७:०१ हा उपप्रकार असणाऱ्यास अबॅकाविर हे औषध देत नाहीत, कारण त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणून ती करू नये, असे माझे मत आहे.

गोदातीर :
तपासणीचे पटले, पण बैठकीबद्दल कोणीच काही म्हणत नाही, याचे नवल वाटते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार विश्वासाने कळलेली दुसऱ्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. रविवारी कोण कोण येणार आहे आणि वहिनींना विचारले आहे का?

सिडकोवाला :
एचएलए तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही, हे सांगायचे राहिले.

पंचवटीकर :
वहिनींना विचारलेले नाही. आज संध्याकाळी त्यांच्याशी बोलतो आणि मामांना बैठक रद्द करायला सांगतो.