आई पित्त म्हणतेय. सकाळपर्यंत थांबावं का?

खंबाटकीपलीकडे (रात्री ९:४२)

मी पुण्यात, आई वाईजवळ गावी. वय ६१, साखर १४ वर्षांपासून, गोळ्या चालू. पाचेक दिवस फोनवर म्हणतेय की दळण आणायला गेलं की चावडीपाशी टेकावं लागतं. आधी डबा डोक्यावर घेऊन एका दमात यायची. मी म्हटलं ऊन आहे, वय झालं.

आज संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिला एकदम घाम फुटला, पोलकं भिजलं, एक उलटी झाली. पाठीत दोन खवाट्यांच्या मध्ये जड वाटत होतं म्हणे. वीसेक मिनिटांनी कमी झालं. काकांनी लिंबू-सोडा दिला, ढेकर आली, बरं वाटलं. आता पडून आहे. छातीत दुखतंय का, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ‘नाही’. ‘काल शिळं पिठलं खाल्लं, पित्त खवळलंय, तू उगाच रात्रीचा येऊ नकोस.’

काका सकाळी वाईला दाखवतो म्हणतात. हार्टचं असतं तर छातीत दुखायला नको का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पोळपाट (रात्री ९:४८)

थांबू नका. आत्ता १०८ लावा. साखर, घाम, उलटी आणि पाच दिवसांचा दम, एवढं पुरे आहे. आईंना चालवू नका, बसवून ठेवा. काकांच्या मोटारसायकलवरून तर अजिबात नेऊ नका. बाकी नंतर बोलू.

ईसीजीवाला (रात्री ९:५१)

ताईंचं बरोबर आहे. फोनवर ‘पित्त’ हा शब्द काढूच नका. ‘साखरेचा पेशंट, थंड घाम, उलटी, हार्टची शंका’ असं सांगा. ॲस्पिरिन द्यायची का तेही तिथेच विचारा. ॲलर्जी, अल्सर, कुठून रक्त जाणं असलं काही नसेल आणि ते हो म्हणाले तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची साधी गोळी चावून खायला द्या. डिस्प्रिन असेल तर पाण्यात विरघळवून. घरात नसेल तर आणण्यात वेळ घालवू नका. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मनाने जिभेखाली ठेवू नका. बीपी आधीच उतरलं असेल तर आणखी पडतं आणि माणूस तिथेच आडवा होतो.

आणि बाहेरचा दिवा लावून एकाला रस्त्यावर उभं करा. रात्री गाडी गावात येते आणि घर शोधत फिरते.

खंबाटकीपलीकडे (रात्री ९:५९)

१०८ लागला. विचारून डिस्प्रिन दिली, शेजारी होती. काका सोबत जातायत. मी निघालो, गाडी मित्र चालवतोय.

पोळपाट (रात्री १०:३५)

तुम्ही गाडीत आहात, हे आत्ता वाचू नका. बाकीच्यांसाठी लिहिते.

माझं सांगलीत पोळीभाजीचं काम. दिवसाला अडीचशे पोळ्या, मदतीला एक बाई. २०१९ मध्ये, गणपतीच्या आधी, मला डावीकडच्या खालच्या दाढेत कळ यायला लागली. गंमत म्हणजे ती दाढ मी दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलेली. नसलेली दाढ कशी दुखते, याचं नवल वाटलं, पण मोदकांच्या ऑर्डरी होत्या. लवंग धरली आणि कामाला लागले.

कळ यायची कधी, तर कणीक तिंबताना. हात थांबवला की पाच मिनिटांत गायब. परत परात ओढली की परत हजर. मला तेव्हा हे जुळवताच आलं नाही. पुढे डॉक्टरांनी विचारलं, ‘काम केलं की येते आणि थांबलं की जाते, असं होतं का?’ मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दाढेला काय पडलंय हो, तुम्ही कणीक तिंबताय की टीव्ही बघताय!

घरी यायला १८ पायऱ्या. त्या आठवड्यात नवव्या पायरीवर कठडा धरायला लागले. नवरा म्हणाला, वजन कमी कर.

मग तो गुरुवार. अकराचे डबे भरायचे होते. कळ दाढेतून गळ्यात आली, तिथून डाव्या दंडात उतरली, आणि हात थांबवूनही गेली नाही. पोळपाटावर टपकन थेंब पडला. मला वाटलं छत गळतंय. वर बघितलं तर कोरडं. माझ्याच कपाळाचा घाम होता, आणि पंखा डोक्यावर चालू. हात लावला तर कपाळ गार. शेगडीपुढचा घाम गरम असतो, तीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या बाईला तो कळतो. हा बर्फासारखा होता.

आणि मी काय केलं? उरलेल्या चाळीस पोळ्या लाटल्या. डबे जायला पाहिजेत ना! पाऊण तास गेला त्यात. त्या पाऊण तासाचा हिशोब नंतर टूडी इकोत, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत, निघाला. हार्टचं पंपिंग ४० टक्क्यांवर आलेलं. आज ४५ आहे.

पहिल्यांदा गेलो त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. पोट दाबून बघितलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं, घरी जा म्हणाले. आणि मला बरंही वाटलं! म्हणून तो लिंबू-सोडा आणि ती ढेकर वाचून माझ्या अंगावर काटा आला. कळ आपली आपण कमी होते आणि मान सोड्याला मिळतो. माझी मदतनीस ऐकेना, तिच्या सासऱ्यांचं असंच झालेलं. तिने मला रिक्षात घातलं आणि दुसरीकडे नेऊन ‘आधी ईसीजीची पट्टी काढा’ म्हणून काउंटरवर भांडली. पट्टी निघाली आणि सगळे पळायलाच लागले.

त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की छातीत दुखतंय का, तर मीही नाहीच म्हटलं असतं. दुखत नव्हतंच. छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड होतं. आता पाटा ठेवला तर त्याला कुणी दुखणं म्हणतं का?

ईसीजीवाला (रात्री ११:१०)

ताई, हे पाट्याचं आमच्याकडे भिंतीवर लिहून लावायला पाहिजे.

ग्रामीण रुग्णालयात १६ वर्षं पट्ट्या काढतोय. शब्द बघा लोकांचे: आवळतंय, दडपलंय, भरून आलंय, घशाशी अडकलंय, कसंनुसं होतंय, जीव कासावीस होतोय. एक आजोबा म्हणाले, कुणीतरी कवळ्यात धरून सोडतच नाहीये. ‘दुखतंय’ हा शब्दच नाही. म्हणून मी विचारतो, गेल्या आठवड्यात जमत होतं आणि आता जमत नाही असं काय आहे? खंबाटकीपलीकडे यांच्या आईंनी त्याचं उत्तर न विचारताच दिलं होतं, चावडीपाशी टेकावं लागतं म्हणून. साखरेने नसा बोथट झाल्या की कळ नीट पोचत नाही. घाम, दम, उलटी, गळाठा एवढंच दिसतं. बायकांमध्येही असं जास्त.

आणखी एक. पहिली पट्टी नॉर्मल म्हणजे सुटलो, असं नाही. त्रास चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी परत काढतात. ट्रोपोनिन, म्हणजे हार्टच्या स्नायूला इजा झाली की वाढणारा घटक, रक्तात चढायला काही तास लागतात, म्हणून तेही पुन्हा तपासतात. ‘एकदा काढलाय की ईसीजी’ म्हणून पेशंट घरी नेऊ नका. पट्टीत एसटी नावाचा भाग उचललेला दिसला (रक्तवाहिनी पूर्ण बंद पडल्याची खूण) तर वेळेशी शर्यत असते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन १२ तासांच्या आत देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत मिळालं तर फायदा कितीतरी जास्त. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते. कार्डं मागून कुणी आणून देईल, त्यासाठी घरी थांबू नका.

रानमेवा (रात्री ११:३८)

आमच्या ग्रुपवर आलंय की एकटे असाल तर जोरजोरात खोकत राहायचं, त्याने हार्ट चालू राहतं. खरं आहे का?

ईसीजीवाला (रात्री ११:४४)

नाही. कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात ती खोली), मॉनिटर लावलेल्या पेशंटचा ठोका बिघडला तर डॉक्टर कधीकधी खोकायला सांगतात. तिथे शॉक द्यायचं मशीन हाताशी असतं. तुमच्या बाथरूममध्ये नसतं. एकटे असाल तर १०८ लावा, दाराची कडी काढून ठेवा, बसा. समोरचा बेशुद्ध पडून श्वास नीट घेत नसेल तर १०८ स्पीकरवर ठेवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२०, पाचेक सेंटिमीटर खोल. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याला बसवा.

खंबाटकीपलीकडे (दुसऱ्या दिवशी दुपारी २:१५)

सगळ्यांना एकत्रच लिहितो, हात अजून थरथरतोय.

गाडी २५ मिनिटांत आली. काकांनी खरंच पोराला बॅटरी देऊन फाट्यावर उभं केलं होतं. पहिली पट्टी बरी आली आणि काका म्हणाले चला मग घरी. मी फोनवर होतो, ओरडलोच, दुसरी काढल्याशिवाय हलायचं नाही. दुसरीत फरक आला, ट्रोपोनिन वाढलेलं. तिथून साताऱ्याला हलवलं. सकाळी अँजिओग्राफी झाली, उजवी रक्तवाहिनी ९५ टक्के बंद. एक स्टेंट टाकला. आता आयसीयूत आहे, बोलतेय.

पाच मिनिटं आत सोडलं तेव्हा विचारलं, तीनदा नाही का म्हणालीस? तर म्हणते, ‘दुखत नव्हतंच रे. उखळात कुणीतरी कांडत बसलंय असं होत होतं. ते तू विचारलंच नाहीस.’ आणि लगेच, हळदीला पाणी सोडायचं राहिलंय, काकांना सांग.

पोळपाट (दुपारी २:३१)

देव पावला. दळणाचा डबा आता काकांच्या डोक्यावर. साताऱ्यात माझी धाकटी बहीण डबे देते, कमी मिठाचं, कमी तेलाचं करून देईल. तुम्ही स्वतः रात्रीपासून काही खाल्लं नसणार. वॉर्ड कळवा, दोन डबे पाठवते.