विजेच्या गाडीचा आवाज बंद करण्याची सोय हवी का?

विजेची गाडी मुळात शांत असते, मग पायी चालणाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून तिला मुद्दाम आवाज करायला लावणे म्हणजे तिचा गुणच घालवणे होय, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. एक तर हा आवाज सतत होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानुसार तो ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत आणि गाडी मागे घेताना यावा लागतो. अमेरिकेत ही वेगमर्यादा सुमारे ३० किलोमीटर आहे. त्यापुढे टायरांचाच आवाज पुरेसा होतो.

मी स्वतः वाहनतळावर एका वृद्ध गृहस्थांच्या मागे बराच वेळ गाडी हळूहळू नेत होतो. माझी विजेची गाडी जुनी, असा आवाज करणारी यंत्रणा नसलेली, त्यामुळे त्यांना चाहूलच लागत नव्हती, आणि हॉर्न वाजवला असता तर ते दचकले असते. शेवटी मी काच खाली करून हाक मारली, हा काही रोजचा उपाय नव्हे.

शिवाय या आवाजाची पट्टी वेगाबरोबर चढते, त्यामुळे गाडी वेग घेते आहे की थांबते आहे, हे डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही कळते. तो सूर रिकाम्या बाटलीत फुंकर घातल्यासारखा का असावा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तक्रार करायचीच तर सुराबद्दल करावी; बंद करण्याचे बटण मी तरी मागणार नाही.