थँक्सगिव्हिंग कॅम्प : हीटर कुणाकडे आहेत?

प्रेषक : मृणाल

नमस्कार मंडळी,

मंडळाचे ते दोन प्रोपेनचे हीटर स्टोरेजमध्येच आहेत ना? संक्रांतीला हॉलबाहेर लावले होते तेच. शनिवारी कॅम्पला, अल्गॉन्क्विन पार्कातल्या म्यू लेकच्या तळावर न्यायचे आहेत. अन्वी चार वर्षांची, बाळ नऊ महिन्यांचं, आणि दोन्ही रात्री उणे दोन-तीन दाखवतायत. एक हीटर आमच्या तंबूत आणि एक पूर्वाच्या. चावी कुणाकडे आहे?

केदार, विजेची साइट आम्हाला मिळाली की नाही तेही एकदा सांग. गेल्या वर्षीसारखं नको.

प्रेषक : वसंत (साहित्य विभाग)

चावी माझ्याकडे आहे.

हीटर फक्त मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आणि फक्त उघड्यावर वापरायचे असं कार्यकारिणीत ठरलेलं आहे. कॅम्प हा मंडळाचा कार्यक्रम नाही, हे ऑगस्टच्या बैठकीत मीच विचारून घेतलं होतं. शिवाय दिवाळी पहाटला नेलेली चहाची मोठी किटली अजून परत आलेली नाही. ज्यांनी नेली त्यांना माहीत आहे.

प्रेषक : केदार

वसंतकाका, किटली माझ्या गॅरेजमध्ये सुखरूप आहे, शनिवारी कॅम्पलाच येतेय. कॅम्प मंडळाचा नाही म्हणता, पण मागच्या अहवालात फोटो छापताना तो मंडळाचाच होता.

साइट पाच आहेत, एका साइटवर सहा माणसं, पार्कचा नियम आहे. विजेच्या फक्त दोन. एक मृणालला. दुसरी सुलभाकाकूंच्या गुडघ्यांसाठी राखून ठेवली आहे. यर्ट, म्हणजे पार्कचा तो गोल पक्का तंबू, मे महिन्यात बुकिंग उघडलं तेव्हाच घ्या म्हटलं होतं मी, त्यात विजेचा हीटर असतो. तेव्हा सगळ्यांना तंबूच हवा होता.

सरपण कुणीही घरून आणायचं नाही. अ‍ॅश नावाच्या झाडाची कीड लाकडातून पसरते, म्हणून लाकूड पार्कमध्येच विकत घ्यायचं. हे दर वर्षी सांगावं लागतं.

प्रेषक : प्रसाद

हीटर मंडळाचा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू या. जळणारा कुठलाही हीटर तंबूत नको. प्रोपेन, कोळसा, रॉकेल, कंदील, चहाचा स्टोव्ह, सगळं त्यात आलं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, एवढीच लक्षणं. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत, आणि बाळ तर डोकं दुखतंय म्हणून सांगूच शकत नाही. 'आतल्या वापरासाठी' असं खोक्यावर लिहिलेले हीटर मिळतात, त्यात ऑक्सिजन कमी झाला की बंद पडायची सोय असते, पण तेही जागेपणी आणि खिडकी उघडी ठेवून. झोपताना नाही.

दुसरी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. छोटी हिरवी बाटली ४६५ ग्रॅमची, म्हणजे एका बाटलीमागे पाऊण लिटर पाणी तंबूत. ते थंड कापडावर जमतं आणि पहाटे पांघरुणावर ठिबकतं. मुलं उबेत झोपणार आणि ओली उठणार.

वसंतकाका नाही म्हणतायत ते कारण काहीही असो, बरोबर म्हणतायत.

प्रेषक : वसंत (साहित्य विभाग)

"कारण काहीही असो" म्हणजे काय? कारण मी लिहिलं आहे.

प्रेषक : सुलभाकाकू

मृणाल बाळा, एवढं घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या सातारच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत सव्वा महिना शेगडी असायची, बाजेखाली निखारे, वर ओवा आणि वेखंड. बाळाला न्हाऊमाखू घालून धुरी द्यायची की दुपट्यात गुंडाळून तीन तास गाढ. कुणाला काही झालं नाही. तुझ्या बाळाला कुंची घाल, कान झाकले की निम्मी थंडी गेली. माझ्याकडे दोन कुंच्या आहेत, एक जरीची आहे ती नको, मळेल. आणि गोधडी मी आणतेच आहे, नऊवारीची आहे, मऊ.

केदार, गुडघ्यांचा विषय सगळ्यांना कळवायची गरज नव्हती.

प्रेषक : प्रसाद

काकू, त्या खोलीला कौलं होती, दार फटीफटीचं होतं, धूर वर निघून जात होता. नायलॉनच्या तंबूला कौलं नसतात. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी लावून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, त्या याच कारणाने.

आणि कान झाकले की निम्मी थंडी जाते हे मोठ्यांच्या बाबतीत खरं नाही. डोक्यातून जाणारी उष्णता साधारण त्याच्या आकाराच्या प्रमाणातच असते.

प्रेषक : अनुजा

दादा, तेच तर. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं! त्यामुळे बाळाच्या बाबतीत काकूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त कुंची दिवसा, कडेवर असताना. झोपताना नाडीचं काहीही नको, आणि सरकून तोंडावर येईल असंही काही नको. रात्री घट्ट बसणारी साधी कानटोपी.

मी वॉर्डात असते म्हणून लिहिते, भाषण वाटलं तर सोडून द्या. लहान बाळं आपल्यासारखी नीट कुडकुडत नाहीत. त्यामुळे "कुडकुडत नाहीये म्हणजे ठीक आहे" असं धरून चालू नका. वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त, म्हणून ती लवकर गार पडतात. हातपाय गार लागले तर घाबरू नका, तसे असतातच. मानेच्या मागे किंवा छातीवर हात घालून बघा. तिथे कोमट आणि कोरडं हवं. घाम असेल तर एक थर काढा, कारण जास्त गुंडाळणंही तितकंच धोक्याचं. मान गार, बाळ गप्प, मरगळलेलं, दूध ओढत नाही, असं झालं तर उद्या बघू म्हणायचं नाही. आधी कपडे कोरडे आहेत ना ते बघा, छातीशी कातडीला कातडी लावून वर पांघरूण, आणि गाडी काढा. हंट्सव्हिलचं इस्पितळ तिथून पाऊण-एक तास आहे.

गोधडीबद्दल : वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर सुटं पांघरूण नको. हातांची भोकं असलेली बाळाची झोपायची पिशवी मिळते, ती घाला, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत बाळाला घेऊन झोपू नका, कितीही ऊब वाटली तरी. त्याची जागा वेगळी, सपाट, घट्ट गादीची.

आणि एक, जाताना तीन-साडेतीन तासांचा प्रवास आहे. गाडीच्या सीटमध्ये फुगलेलं जाकीट घालून बांधू नका, पट्टा ढिला राहतो. पट्टा बांधा, मग वरून पांघरूण.

प्रेषक : स्वाती

नऊवारीची गोधडी वाचून डोळ्यांत पाणी आलं काकू. आईने माझ्यासाठी शिवलेली माझ्या नणंदेकडे आहे, मागितली तर म्हणते मुलाला तिच्याशिवाय झोप येत नाही. मुलगा वॉटर्लूला इंजिनीयरिंग करतोय.

शनिवारी रात्री पावभाजी की मिसळ ते ठरलं का?

प्रेषक : केदार

पावभाजी. मिसळीचा कट घेऊन जंगलात कोण फिरणार.

आणि त्यावरून आठवलं, अस्वलं आहेत तिथे. काळी अस्वलं, ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी खाऊन घेत असतात. तंबूत खाण्याचं काहीही नको. अन्वीच्या खिशातले शेंगदाणे, दुधाची बाटली, बाळ पुसायचे ओले रुमाल, वासाचं तेल, सगळं रात्री गाडीत. काकू, ओव्याची पुरचुंडीसुद्धा.

प्रेषक : सुलभाकाकू

अस्वल ओवा खातं हे मला नवीन.

प्रेषक : मृणाल

सगळं वाचलं. अनुजा, खूप उपयोग झाला. हीटर तंबूत लावणार नाही. पण मग नक्की काय करायचं? मला "हे नको, ते नको" एवढंच हाती लागलंय. विजेची साइट आहे तर घरचा विजेचा हीटर लावू का?

आणि रात्रीच्या दुधाचं काय? गाडीत जायचं म्हणजे पहाटे दोनला गाडीपर्यंत?

प्रेषक : प्रसाद

विजेच्या हीटरमध्ये गॅसची भीती नाही, आगीची आहे. तंबूचं कापड, पांघरूण आणि तापलेली जाळी एका वावभर जागेत. मी असतो तर झोपायच्या आधी अर्धा तास, कुणीतरी आत जागं बसून लावला असता आणि मग बंद. शिवाय १५ अँपिअरच्या जोडणीवर १८०० वॉट मिळतात, हीटर १५००चा. काकूंनी त्याच खांबावरून किटली लावली की दोघांचं गुल.

खरी थंडी वरून येत नाही, जमिनीतून येते. तुमची ती निळी फुगवायची गादी घरी ठेवा. आत नुसती हवा, ती जमिनीइतकी गार होते आणि रात्रभर अंगाची ऊब ओढते. फोमची घडीची चटई घ्या. गाद्यांवर आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी किती अडते त्याचा आकडा, लिहिलेली असते. फोमची साधारण दोन असते आणि दोन चटया एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. या थंडीला चारच्या पुढे हवं. मुलांसाठी आधी खाली पैसे घाला, मग वर.

स्लीपिंग बॅगेवर "उणे सात" लिहिलेलं असेल तर आधी विचारा, कुणासाठी उणे सात. मोठ्या माणसाच्या बॅगेवर आरामाचा आकडा वेगळा असतो आणि सहन होण्याचा वेगळा, दुकानदार दुसरा मोठ्या अक्षरात छापतो. लहान मुलांच्या बॅगांना ती चाचणी लागूच नाही, तिथे आकडा बनवणाऱ्याच्या मर्जीवर. अन्वीला मोठ्यांची बॅग द्यायची तर खालचा रिकामा भाग दुमडून दोरीने बांधा, नाहीतर तिचे पाय रात्रभर रिकामी जागा तापवत बसतात.

प्रेषक : नितीन

घोंगडी! कुणी घोंगडी का म्हणत नाही? दख्खनी मेंढीची, सांगोल्याकडून आणलेली. ओली झाली तरी ऊब सोडत नाही, सुती गोधडी ओली झाली की संपली. मी ती फोमच्या चटईवर घालतो. नवी असताना चिंचोक्याच्या खळीने कडक असते आणि टोचते, पण खाली अंथरायला टोचली तर काय बिघडतं. बाबा मेंढपाळांचं बघून म्हणायचे, पाऊस आला की खोळ, झोपताना अंथरूण आणि बाजारात गेलं की पिशवी.

प्रेषक : सुलभाकाकू

गोधडी संपली म्हणजे काय. वापरायची अक्कल हवी.

प्रेषक : नितीन

काकू, तुमच्या गोधडीबद्दल नव्हतं. कोरडी ठेवली तर तिच्यासारखं काही नाही. शेकोटीभोवती बसताना मांडीवर तीच हवी.

प्रेषक : अनुजा

मृणाल, पटापट लिहिते, शिफ्ट आहे.

सध्या साडेसहा-पावणेसातला अंधार आणि सातनंतर उजेड. म्हणजे मुलं बारा तास तंबूत, हे धरून तयारी कर. दिवसभर घातलेले कपडे कोरडे वाटले तरी घामाने ओलसर असतात, संध्याकाळी सगळे बदल, मोजेसुद्धा. आतला थर सुती नको. अन्वीला झोपायच्या आधी काहीतरी तुपातलं खायला घाल आणि शूला नेऊन आण. तिथलं स्वच्छतागृह गरम असतं, कपडे तिथेच बदल. झोपायच्या पंधरा मिनिटं आधी घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी, मोज्यात घालून अन्वीच्या बॅगेत पायाशी. बाळाजवळ ठेवू नकोस, भाजतं. सकाळचे कपडे तुझ्या बॅगेत उशाशी ठेव, गार कपडे घालताना मुलं सगळा तळ उठवतात.

रात्रीचं : थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी आत चालेल, पावडर गाडीत मोजून डबीत. अंगावर पाजत असशील तर प्रश्नच मिटला. आणि तंबूची वरची जाळी थोडी उघडीच ठेव, श्वासाचं पाणी बाहेर जायला. सगळं बंद केलं की ऊब राहते असं वाटतं, उलट सगळं ओलं होतं.

गाडी सुरू ठेवून तिच्यात झोपायचा विचार कुणी करत असेल तर तोही नको. प्रसादने वर लिहिलेलंच कारण.

प्रेषक : पूर्वा

सकाळच्या दुधाचा मुद्दा राहिलाच. गेल्या वर्षी ते चौकोनी एकबर्नरी स्टोव्ह सगळ्यांनी आणले होते, कोरियन दुकानातले, आणि सकाळी एकही पेटेना. मुलं रडतायत आणि सगळे बाबा काडेपेट्या घासतायत.

प्रेषक : प्रसाद

त्यात ब्यूटेन असतो. तो शून्याच्या जरा खालीच द्रव राहतो, वाफ होत नाही, मग पेटणार काय. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वाफ होतो. दोन बर्नरचा प्रोपेनचा स्टोव्ह मी आणतो.

प्रेषक : वसंत (साहित्य विभाग)

मंडळाचा दोन बर्नरचा प्रोपेन स्टोव्ह स्टोरेजमध्ये आहे, २०१७ला घेतलेला, हातही लागलेला नाही. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

हीटरबद्दल : जेवणाच्या ताडपत्रीखाली, चारी बाजू उघड्या, मुलांपासून लांब, आणि मी स्वतः हजर असेन तर एक हीटर देता येईल. नऊला बंद. तंबूत नेलेला दिसला तर मी उचलून गाडीत ठेवीन. सही लागेल. स्टोव्हलाही लागेल.

मला कुणाच्या साइटवर जागा आहे?

प्रेषक : केदार

काका, तुम्ही येताय? सुलभाकाकूंच्या साइटवर दोन जागा आहेत, त्यांना विचारून सांगतो. फोमच्या चटया दोन आणा, एकीवर भागणार नाही.

प्रेषक : सुलभाकाकू

येऊ देत. घोरत असतील तर तंबू लांब लावायचा.

प्रेषक : मृणाल

काका, सही देते. शुक्रवारी संध्याकाळी चावी घ्यायला येऊ का, की तुम्हीच सामान आणताय? आमच्या गाडीत बाळाच्या सीटमुळे जागा नाही.

नितीन, एक घोंगडी जास्तीची आहे का? अन्वीच्या खाली घालायला.

प्रेषक : स्वाती

पावभाजीचं लोणी मीठ घातलेलं आणू की बिनमिठाचं?